गावचा पोरगा, सरकारी नर्स आणि तापाने फणफणलेलं मूल: नवरोंगोचं प्रकरण

गावातल्या दोन-चार तरुणांना प्रशिक्षण द्या, एकेक सायकल आणि औषधांची पेटी द्या, गावाचं आरोग्य सुधारेल. या भरवशावर आफ्रिकेत गेल्या पन्नास वर्षांत असंख्य योजना उभ्या राहिल्या. भरवसा खरा की खोटा हे मोजून बघण्याची तसदी मात्र फार थोड्यांनी घेतली. घानाच्या उत्तर टोकाला, बुर्किना फासोच्या सीमेला लागून असलेल्या नवरोंगो परिसरात ती घेतली गेली. जे हाती आलं ते स्वयंसेवेची भलामण करणाऱ्यांना अडचणीचं होतं.

कासेना-नानकाना हा तेव्हाचा एक जिल्हा. 1990च्या दशकात तिथली लोकसंख्या साधारण 1 लाख 40 हजार होती. आपल्याकडच्यासारखं गावठाण तिथे नसतं. मातीच्या भिंतींचे मोठे वाडे शेतांमध्ये विखुरलेले असतात, एका वाड्यात एका घराण्याची दोन-तीन पिढ्यांची कुटुंबं राहतात आणि दोन वाड्यांच्या मध्ये बाजरी-ज्वारीचं रान असतं. वर्षातून एकच पावसाळा. तो संपला की तरुण पोरं कामाच्या शोधात दक्षिणेला कुमासी किंवा अक्राची वाट धरतात. टोनो धरणाच्या कालव्याखालची जमीन सोडली तर उरलेले महिने जमीन कोरडीठाक. मुखिया, घराण्यातले वडीलधारे आणि पूर्वज यांना विचारल्याशिवाय पान हलत नाही. लग्नात वरपक्ष गाई देतो, त्यामुळे सुनेची मुलं ही घराण्याची मिळकत समजली जाते. आजारी मुलाला घेऊन दवाखान्यात जायचं तर आईला नवऱ्याची किंवा वाड्याच्या कर्त्याची परवानगी लागते. हा शेवटचा तपशील लक्षात ठेवावा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

मुलं मरत होती, आणि बरीच. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला या भागात साधारण पाच-सहा मुलांमागे एक मूल पाचवा वाढदिवस बघत नसे. कारणं अनोळखी नव्हती: हिवताप, जुलाब, न्यूमोनिया, गोवर. औषधंही माहीत होती. ती मुलापर्यंत पोहोचत नव्हती एवढंच.

वाद जुनाच

जागतिक आरोग्य संघटनेच्या 1978च्या अल्माअटा परिषदेने 'सर्वांसाठी आरोग्य'ची घोषणा केली आणि ग्रामीण आरोग्यसेवक ही कल्पना जगभर पसरली. भारतात त्याच्या एक वर्ष आधी, 2 ऑक्टोबर 1977 रोजी, महिना 50 रुपये मानधनावर गावोगावी जनस्वास्थ्य रक्षक नेमायला सुरुवात झाली होती. ती योजना पुढे कशी रोडावली हे ज्यांना आठवतं, त्यांना घानाची गोष्ट नवी वाटणार नाही. तिथेही खेड्यातले सेवक नेमले गेले, पण 1980च्या दशकात अर्थव्यवस्था कोसळली, औषधांचा पुरवठा आटला आणि पेटी रिकामी झाल्यावर सेवकाला कोणी विचारेना.

दुसरीकडे सरकारने समाज-आरोग्य परिचारिका तयार केल्या होत्या. दीड-दोन वर्षांचं प्रशिक्षण घेतलेल्या या मुली नावाला गावासाठी होत्या, बसायच्या मात्र उपजिल्ह्याच्या दवाखान्यात. गावात राहायला खोली नाही, फिरायला वाहन नाही, मग जाणार कशा?

यातून आरोग्य खात्यात दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं असं की नर्स परवडत नाहीत. लोकांनीच आपले स्वयंसेवक निवडावेत, औषधं विकून आलेल्या पैशातून पुन्हा औषधं घ्यावीत. 1987मध्ये मालीतल्या बामाको इथे भरलेल्या आफ्रिकी आरोग्यमंत्र्यांच्या परिषदेने या विचाराला बळ दिलं होतं. दुसरा तट म्हणे की अर्धवट शिकलेल्या पोराच्या हाती औषध देण्यापेक्षा शिकलेली नर्स गावात नेऊन बसवा. दोन्ही बाजूंकडे मतं भरपूर होती, आकडे कोणाकडेच नव्हते.

आकडे गोळा करण्याची सोय नवरोंगोत होती. तिथल्या आरोग्य संशोधन केंद्राने अ जीवनसत्त्वाची चाचणी केली होती. लहान मुलांचे मृत्यू त्यातून 19 टक्क्यांनी घटले. पाठोपाठ औषध लावलेल्या मच्छरदाण्यांची चाचणी झाली, तिथे घट 17 टक्के होती. त्या निमित्ताने जिल्ह्यातल्या प्रत्येक वाड्याला दर 90 दिवसांनी भेट देऊन जन्म, मृत्यू, लग्नं, स्थलांतरं नोंदवणारी यंत्रणा उभी राहिली. केंद्राचे संचालक डॉ. फ्रेड बिंका आणि बांगलादेशात मतलब इथे काम करून आलेले लोकसंख्याशास्त्रज्ञ जेम्स फिलिप्स यांनी ही यंत्रणा या वादाचा निकाल लावण्यासाठी वापरायचं ठरवलं.

चार भाग, चार तऱ्हा

1994मध्ये आधी फक्त तीन गावांत लोकांशी बोलून आराखडा करण्यात आला. मुखिया, वडीलधारे, बायका, तरुण, सगळ्यांशी. तिथे गावसभेला दरबार म्हणतात. ढोल वाजतात, नाच होतो, मग मुद्द्याचं बोलणं. कार्यक्रम कागदावर आखून आणण्याऐवजी तो दरबारात ठरला, हे या प्रकल्पाचं मला सर्वांत आवडलेलं अंग. एरवी संशोधक गावात येतात तेव्हा प्रश्नावली छापून झालेली असते.

1996मध्ये प्रयोग जिल्हाभर गेला. जिल्ह्याचे चार भाग केले. पहिल्या भागात फक्त स्वयंसेवक. दुसऱ्यात फक्त गावात राहणारी नर्स. तिसऱ्यात दोन्ही. चौथ्यात नेहमीची सरकारी सेवा, जशी होती तशी. चारच भाग असल्यामुळे संख्याशास्त्राच्या कडक कसोटीवर ही रचना जरा लंगडी आहे. एखाद्या भागाचं मूळचंच वेगळेपण निकालात शिरू शकतं. तरीही प्रत्येक जन्म-मृत्यूची नोंद असलेला असा जिल्हाव्यापी प्रयोग दुर्मीळच.

स्वयंसेवकांच्या बाजूला स्थानिक नाव मिळालं झुरुगेलू, म्हणजे एकोपा. गावाने निवडलेल्या स्वयंसेवकाला येझुरा झेन्ना म्हणत, आरोग्याचा मदतनीस. त्याच्यावर देखरेखीला गावातल्या जाणत्यांची समिती. त्याच्याकडे सायकल, पॅरासिटामॉल, तापासाठी क्लोरोक्विन, जुलाबासाठी क्षारसंजीवनी, निरोध. औषध विकायचं, पैसे समितीकडे जमा करायचे, त्यातून पुन्हा साठा भरायचा. पगार नाही.

नर्सच्या बाजूला वेगळी तयारी होती. गावाने श्रमदानाने, मातीच्याच भिंतींची, नर्सला राहायला आणि रुग्ण तपासायला खोल्या असलेली वास्तू बांधून द्यायची. नर्सला पुन्हा प्रशिक्षण, मोटारसायकल आणि नवं पदनाम: समाज आरोग्य अधिकारी. तिने ठरावीक काळाने आपल्या हद्दीतला प्रत्येक वाडा फिरायचा, लसीकरण, तापाचे-जुलाबाचे उपचार, गर्भवतींची तपासणी, कुटुंबनियोजन सगळं दारात द्यायचं. शहराची सवय असलेली तरुण मुलगी, अनोळखी गाव, कधी अनोळखी भाषा, रात्री कोणी दार ठोठावलं तर एकटी. तिची सुरक्षितता, पाणी आणि शेजार ही गावाची जबाबदारी ठरली. मोटारसायकल शिकणं हाही प्रशिक्षणाचा भाग होता. त्या मुलखात बाई मोटारसायकलवर बसून मुखियाच्या वाड्यात शिरते याचा परिणाम औषधाइतकाच झाला असेल, असं मला वाटतं.

1996-97मध्ये, प्रयोग रांगायला लागला असतानाच, उत्तर घानात मेंदूज्वराची मोठी साथ आली. काम थांबलं नाही.

निकाल

जिथे नर्स गावात राहायला गेली, तिथे तीन वर्षांत बालमृत्यूंचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. हा आकडा 2006मध्ये प्रसिद्ध झाला आणि गाजला. पुढच्या, अधिक काटेकोर विश्लेषणांत परिणाम एवढा मोठा दिसला नाही, पण दिशा बदलली नाही: नर्स असेल तर मुलं वाचतात.

जिथे फक्त स्वयंसेवक होते, तिथे मुलं वाचण्याच्या बाबतीत काही हाती लागलं नाही. वर्षानुवर्षं पोरांनी सायकली हाकल्या, सभा घेतल्या, औषधं दिली आणि नोंदवहीतल्या मृत्यूंवर त्याची ठळक काय, पुसटही छाप उमटली नाही.

असं का व्हावं? संशोधकांनी मांडलेलं एक स्पष्टीकरण माझ्या मते सर्वांत वजनदार आहे. पूर्वी मूल फणफणलं की आई परवानगी मिळवून, कसंबसं, दवाखाना गाठायची. आता गावात पेटीवाला पोरगा आहे. कर्ता म्हणतो, आधी त्याच्याकडून गोळी आण. गोळीने एक दिवस बरं वाटतं, दुसऱ्या दिवशी झटके येतात, तिसऱ्या दिवशी दवाखाना गाठायला वेळ उरत नाही. म्हणजे स्वयंसेवकाने काही चुकीचं केलं नसेल, तरी तो मध्ये असल्यामुळे उशीर झाला. त्याला न्यूमोनिया ओळखून प्रतिजैविक देण्याची मुभा नव्हती, लस टोचता येत नव्हती. हातातलं क्लोरोक्विनही त्या काळात आपला प्रभाव गमावत चाललं होतं. घानाने ते पुढे दशकभरात बदललं.

दुसरं कारण साधं आहे. ज्याला पगार नाही त्याला रागावता येत नाही. पेरणीच्या दिवसांत तो शेतावर, कोरड्या महिन्यांत दक्षिणेला मजुरीला. जुलाबाची साथ त्याची सवड बघून येत नाही.

इथे थांबलो तर निष्कर्ष सोपा होईल: नर्स हवी, पोरं नकोत. प्रयोगाचा दुसरा अर्धा भाग तसं म्हणू देत नाही.

कुटुंबनियोजनाच्या आकड्यांत चित्र उलटं निघालं. फक्त नर्स असलेल्या भागात जननदर फारसा हलला नाही. फक्त स्वयंसेवकांच्या भागातही नाही. जिथे दोघं होते तिथे मात्र एका बाईला होणाऱ्या मुलांची सरासरी एकाने, म्हणजे सुमारे 15 टक्क्यांनी, खाली आली. नर्सकडे इंजेक्शन होतं, पण ते घेतल्याचं नवऱ्याला कळलं तर घरात भांडण, कधी मारहाण. बायकांना ती भीती होती, आणि पुरुषांना वेगळीच: बायको हाताबाहेर जाईल, घराण्याचा वंश खुंटेल. ही गाठ नर्सला सोडवता येणार नव्हती. ती दरबारात सुटायची, जिथे मुखिया स्वतः सगळ्यांसमोर बोलायचा, आणि त्यानंतर पुरुषांच्या बैठकीत, जिथे गावचाच तरुण आपल्या काका-मामांशी बोलायचा. पुरुषांशी पुरुषांनी बोलणं हे स्वयंसेवकांचं खरं काम ठरलं. पुढच्या वर्षांत हा फरक वाढत गेला नाही, हेही सांगायला हवं. शिक्षण आणि काळ यांनी इतर भागही हळूहळू त्याच दिशेला सरकले.

पेटी की काम?

नवरोंगोचा दाखला देऊन स्वयंसेवकांना निकालात काढणाऱ्यांपुढे मी तीन उदाहरणं ठेवतो.

पहिलं त्याच देशातलं, नारूचं. महाराष्ट्रातल्या साठीपुढच्या माणसांना पायातून दोऱ्यासारखा निघणारा हा जंत आठवत असेल. बारवेत उतरून पाणी भरणाऱ्या गावांचा हा रोग. भारतातला शेवटचा रुग्ण जुलै 1996मध्ये जोधपूर जिल्ह्यात सापडला. घानात 1989च्या पाहणीत जवळजवळ 1 लाख 80 हजार रुग्ण निघाले होते. मोहिमेची सगळी मदार बाधित गावांतल्या स्वयंसेवकांवर: घरोघर गाळणीचं कापड वाटायचं, जखम बांधायची, रुग्णाला तळ्यात उतरू द्यायचं नाही, जंत दिसला की कळवायचं. या कामाला निदान करावं लागत नाही. जंत डोळ्यांना दिसतो. औषधही नाही, त्यामुळे स्वयंसेवकामुळे दवाखाना लांबण्याचा प्रश्न नाही. घानात शेवटचा रुग्ण मे 2010मध्ये नोंदवला गेला आणि 2015मध्ये देश नारूमुक्त म्हणून प्रमाणित झाला. वाट सरळ नव्हती. 1994मधल्या कोंकोंबा आणि नानुंबा या जमातींतल्या संघर्षाने काम विस्कटलं. सावेलुगू भागात पाणीपुरवठा कोलमडल्यावर साथ उसळली आणि 2007मध्ये देशात पुन्हा 3,358 रुग्ण झाले. नळाला पाणी नसेल तर सगळ्या गाळण्या स्वयंसेवकाच्या गळ्यात पडतात.

दुसरं उदाहरण घानाच्या दक्षिणेतल्या डांगमे वेस्ट जिल्ह्याचं. तिथे गावातल्याच सेवकांनी तापाच्या लहान मुलांना क्लोरोक्विनऐवजी नवं, गुणकारी औषध (आर्टेसुनेट-अमोडायाक्विन) दिलं. काही गटांत जोडीला अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविकही. 2012मध्ये निकाल आला: बालमृत्यू पहिल्या तऱ्हेत 30 टक्क्यांनी, दुसरीत 44 टक्क्यांनी कमी. पदवी नसलेलाच सेवक, गोळी वेगळी, नियम नेमका.

तिसरं आपल्या घरचं. गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेच्या आरोग्यदूत, म्हणजे गावातल्याच थोडं शिकलेल्या बायका, नवजात बाळाचा श्वास मोजायला, न्यूमोनिया आणि जंतुसंसर्ग ओळखायला आणि इंजेक्शन द्यायला शिकल्या. 39 गावांतल्या या कामाने नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचं 1999मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि पुढे आफ्रिकेतल्या काही देशांनीही ही पद्धत उचलली. या बायका फुकट राबत नव्हत्या, केलेल्या कामाचे पैसे त्यांना मिळत. डोक्यावर नियमित येऊन वही तपासणारे पर्यवेक्षक होते.

नवरोंगोचा येझुरा झेन्ना या तिघांहून कमी कळकळीचा असेल असं मानायला काही आधार नाही. त्याच्या गळ्यात कामं पुष्कळ होती, हातात धार नसलेलं औषध होतं आणि मागे त्याच्याइतकीच वैद्यकीय माहिती असलेली समिती होती. वडीलधाऱ्यांची समिती त्याच्या पैशांचा हिशेब तपासू शकते. त्याने न्यूमोनियाच्या मुलाच्या बरगड्या आत ओढल्या जाताना पाहिल्या का, हे ती कशी तपासणार?

पुढे काय झालं

सुरुवातीच्या निकालांची दखल लगेच घेतली गेली. 1998पासून व्होल्टा प्रदेशातल्या न्क्वांटा जिल्ह्यात डॉ. जॉन कोकू अवूनोर-विल्यम्स यांनी हाच आराखडा राबवून दाखवला, म्हणजे संशोधन केंद्राचा पैसा पाठीशी नसतानाही तो चालतो हे दिसलं. 1999मध्ये घानाने तो राष्ट्रीय धोरण म्हणून स्वीकारला. देशभर लहान लहान आरोग्य विभाग आखायचे, प्रत्येकात एक राहती नर्स, मदतीला गावची समिती आणि स्वयंसेवक. नवरोंगोत या सगळ्याचा जादा खर्च निघाला होता माणशी वर्षाला 1.92 डॉलर, प्राथमिक आरोग्यसेवेवर आधीच माणशी 6.80 डॉलर खर्च होत होते.

इतका स्वस्त कार्यक्रम वेगाने पसरायला हवा होता. दहा वर्षांनी पाहिलं तर कागदावर विभाग पुष्कळ, चालते थोडे. कारण ओळखीचं निघालं: इमारत. नवरोंगोत गावाने महिन्या-दोन महिन्यांत उभारलेल्या मातीच्या खोल्यांची जागा सरकारी नकाशातल्या सिमेंटच्या वास्तूने घेतली. सिमेंट आलं की निविदा आली, ठेकेदार आला, खासदारांच्या हस्ते कोनशिला आली. दरबार मात्र मागे पडला. इमारत नाही म्हणून नर्स नाही, आणि कुठे इमारत आहे पण लोकांशी बोलणंच झालेलं नाही म्हणून नर्स तिथे दवाखान्यातल्यासारखीच खुर्चीत बसून. जेम्स फिलिप्स आणि अवूनोर-विल्यम्स यांना 2010मध्ये नवरोंगोच्याच प्रदेशात नवा प्रकल्प हाती घ्यावा लागला, ही विसरलेली पायरी पुन्हा शिकवणं हाही त्याचा एक भाग होता.

तरुणांच्या वाट्याला या काळात वेगळाच घाट आला. ऑक्टोबर 2006मध्ये घाना सरकारने राष्ट्रीय युवा रोजगार कार्यक्रम काढला आणि त्यात आरोग्य विस्तार सेवकांचं एक कलम होतं. 2016मध्ये त्याच वाटेने सुमारे 20 हजार समाज आरोग्यसेवक घेण्याची योजना आली. आता भत्ता होता, म्हणजे 1996च्या येझुरा झेन्नापेक्षा बरी स्थिती. हेतू मात्र दोन: गावाला सेवक द्यायचा आणि बेकार तरुणाला काम. हे दोन हेतू नेहमी एका ओळीत चालत नाहीत. रोजगार योजनेचं यश किती मुलं कामाला लागली यावर मोजतात. तिची मुदत दोन वर्षांची, कारण मग पुढच्या तुकडीला संधी द्यायची असते. वाड्यावाड्यातल्या कर्त्यांशी बोलण्याइतका विश्वास कमवायलाच मुळी एक-दोन पेरण्या जातात.